मांजराचे कुंपण



भोकरदनमध्ये आपण रात्री कोंबड्या खुराड्यात कोंडतो. त्याला कोणी क्रूरता म्हणत नाही. मग पाळलेल्या मांजरासाठी अंगणात जाळी लावताना मन का कचरते? कोंबडी सांजेला आपणहून परतते. मांजराला मात्र बाहेरची ओढ असते.

जाळीमुळे मांजर कुत्र्यांपासून, वाहनांपासून वाचते आणि चिमण्या मांजरापासून वाचतात. मांजर चढून जाते, म्हणून वरूनही जाळी हवी. पण आपण त्याचे स्वातंत्र्य घेतो, हे विसरू नये. त्याची भरपाई करणे आपले कर्तव्य आहे : चढायला ओंडका, उकरायला माती, लपायला आडोसा. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा गार सावली आणि पाणी हवेच.

दार लावताना आपण स्वतःला विचारावे : हे कुंपण त्याच्या भल्यासाठी आहे, की केवळ आपल्या सोयीसाठी?