वार घडते तेव्हा

बाळ रडलं की घरातले सगळे बाळाकडे धावतात. सिस्टर मात्र अजून थांबलेली असते, कारण वार पडायची असते. पडली की ट्रेमध्ये पसरून ती दोन्ही बाजूंनी बघते. एक बाजू खडबडीत, गडद लाल. दुसरी गुळगुळीत, निळसर, नाळेपासून फाटे फुटत गेलेल्या शिरांची. तुकडा आत राहिला तर रक्तस्राव होतो, म्हणून ही तपासणी. मग साधारण अर्ध्या किलोचा तो गोळा पुरला जातो आणि सगळे त्याला विसरतात. नऊ महिने बाळाला अन्न आणि प्राणवायू त्यानेच पुरवलेला असतो.

आईच्या ताटातलं बाळापर्यंत पोचतं ते वारेतूनच. वार लहान राहिली, तिच्या रक्तवाहिन्या नीट पसरल्या नाहीत, तर पुढे ताट कितीही भरलं तरी बाळाच्या वाट्याला कमीच येतं. आणि वारेची मुख्य घडण होते पहिल्या चार महिन्यांत. नेमकी तेव्हाच आईला मळमळ असते, भाताचा वासही नको होतो. अंगात आधीपासून जे साठलेलं असेल, त्यावरच वार घडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. शेतकरी घरांतल्या बायका, वजन सरासरी 42 किलोंच्या आसपास. गरोदरपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने वारेचं आकारमान मोजलं, तेव्हा दिसलं की गर्भ राहण्याआधी जिचं वजन कमी, तिची वारही लहान. आणि जिची वार लहान, तिचं बाळ जन्मताना हलकं. याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळं अंगाने बरी निघाली. जड कष्ट उपसणाऱ्या बायकांची बाळं लहान भरली.

गडचिरोलीला हे वाचताना पहिल्यांदा धानाची रोवणी आठवते. आषाढ-श्रावणात दिवसभर वाकून, घोटाभर चिखलात. त्या बायांत नुकते दिवस गेलेली एखादी असतेच, आणि बहुतेकदा ते तिलाही अजून ठाऊक नसतं. घरी येऊन रांधते, सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात नि पातळ वरण खाते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1995-96 मध्ये जिल्ह्यातल्या 39 गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची वजनं घेतली. शंभरातली सुमारे 42 बाळं अडीच किलोंच्या आत भरली. त्या आकड्यामागे मला ही रोवणीवरची बाई दिसते.

चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल दरिद्री नाही. चारोळी आहे, मोहफूल आहे, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी आहे, परसात मुनगा, बोडीत मासोळी. पाल्यातून फोलेट आणि लोह मिळतं, मासोळीतून प्रथिनं आणि बी-12. वारेला हेच लागतं. पण चारोळी बाजारात जाते आणि मासोळीचा चांगला तुकडा पुरुषाच्या ताटात. बाईच्या हाती भूक मारायला तंबाखू-सुपारीचा खर्रा येतो. त्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, वारेच्याही. त्यात हा मलेरियाचा मुलूख. फाल्सिपेरमचे जंतू गर्भवतीच्या वारेतच दबा धरून बसतात, कधी बोटाच्या रक्तात दिसतही नाहीत. सिकलसेल असेल तर वारेतल्या बारीक वाहिन्या तुंबतात. म्हणून इथे मच्छरदाणी आणि रक्ततपासणी आहाराइतकीच महत्त्वाची.

राज्य सरकारची अमृत आहार योजना 2015 पासून आदिवासी भागांत गर्भवतीला एक वेळचं पूर्ण गरम जेवण देते: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. योजना फार मोलाची आहे. बाळाचं वजन शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढतं, तेव्हा हे जेवण उपयोगी पडतंच. पण योजना आली तेव्हा ते सुरू व्हायचं याच शेवटच्या तिमाहीत. वार तोवर घडून गेलेली असते. माझ्या मते हे ताट नाव नोंदवल्या दिवसापासून मिळायला हवं, आणि किशोरींच्या वजनाची काळजी त्याच्याही आधीपासून घ्यायला हवी.

यंदा ज्या घरात सून आली आहे, त्यांनी अंगणवाडीतल्या नोंदणीची वाट बघू नये. तिला सगळ्यांसोबत जेवायला बसवा. वरण घट्ट करा, रोज मूठभर पाला भाजीत जाऊ द्या, आठवड्यात दोन-तीनदा अंडं किंवा मासोळी तिच्या ताटात पडू द्या. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, ही भीती तिला घालू नका. खर्रा सोडायला लावा, आणि तिच्यासमोर तुम्हीही खाऊ नका. आशाताई दारात आली की हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही तपासून घ्या.