गवाही आणि जाहिरात

निवडणुका जाहीर झाल्या की वर्तमानपत्रे जाड होतात. पुरवण्या वाढतात, उमेदवारांचे हात जोडलेले फोटो पहिल्या पानावर येतात, आणि चौकातल्या टपरीवर एकच पेपर दहा हातांतून फिरतो. याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते : 'पेपरवाले आपल्या माणसाला न्याय देत नाहीत.' ही तक्रार सत्ताधारी करतात, विरोधक करतात, अपक्षही करतो. मुसलमान उमेदवाराचे कार्यकर्ते ती जरा जास्तच हक्काने करतात. पण न्याय म्हणजे नेमके काय हवे, हे कोणी सांगत नाही. सगळ्यांना सारखे रकाने? सारख्याच आकाराचा फोटो? एका मतदारसंघात वीस उमेदवार उभे असतील आणि विसांनाही रोज बोटभर जागा मोजून दिली, तर असे वर्तमानपत्र उमेदवारांचे नातेवाईकसुद्धा वाचणार नाहीत.

रकाने मोजून हा प्रश्न सुटत नाही, असे आम्हाला वाटते. बातमी ही गवाही आहे. सभेला वार्ताहर जातो, आपण जात नाही. त्याने जे पाहिले, जे ऐकले, त्याच्या शब्दावर विसंबून आपण मत बनवतो. हे साक्षीदाराचेच काम झाले. आणि साक्षीदाराने कसे वागावे, याबाबत आपली परंपरा मुकी नाही. सूरह अन्-निसाच्या 135व्या आयतीत स्वतःच्या, आईबापांच्या, आप्तांच्या विरोधात गेली तरी गवाही न्यायाने द्या, समोरचा श्रीमंत की गरीब हे पाहू नका, असा आदेश आहे. सूरह अल्-बकराच्या 283व्या आयतीत गवाही लपवण्याची मनाई आहे. सूरह अल्-हुजुरातमध्ये तर आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान कराल, असे बजावले आहे. ही शेवटची आज्ञा बातमी देणाऱ्याला नसून ती ऐकणाऱ्याला आहे. वाचकाने हे ध्यानात ठेवावे.

साक्षीदाराला स्वतःचे मत असू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर 1956 मध्ये 'मराठा' सुरू केला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. 1957च्या निवडणुकीत तो उघडउघड समितीच्या बाजूने उभा होता आणि काँग्रेसवर तुटून पडत होता. त्याची भाषा अनेकदा मर्यादा ओलांडून जाई. तरी वाचकाची फसवणूक झाली, असे म्हणता येणार नाही. पैसे देऊन काय विकत घ्यायचे, हे ज्याला त्याला ठाऊक होते. बाजू घेणे हा गुन्हा नाही. बाजू लपवणे, आणि त्याहून वाईट म्हणजे बाजू भाड्याने देणे, हा गुन्हा आहे.

हे भाड्याचे प्रकरण महाराष्ट्राने 2009च्या विधानसभा निवडणुकीत पुरते पाहिले. उमेदवारांच्या तोंडी तेव्हा एकच शब्द होता, 'पॅकेज'. इतके पैसे दिले की सभेची बातमी, इतके दिले की मुलाखत, त्याहून जास्त दिले की प्रतिस्पर्ध्याची बातमी गायब. 'जाहिरात' असा शब्द कुठेही छापायचा नाही, हीच त्या सौद्याची खुबी. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्या कारभाराचे गोडवे गाणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून हे उघड केले. चव्हाणांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च दाखवला होता 5,379 रुपये. विधानसभेच्या उमेदवाराला तेव्हा एकूण 10 लाखांची मर्यादा होती. आपण बातम्यांसाठी पैसे दिले नाहीत, अशी चव्हाणांची भूमिका राहिली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलैत आयोगाने त्यांना नोटीस बजावली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. उमेदवाराचा हिशेब तिथे मिटला.

पण वाचकाचा हिशेब मिटला नाही. तीन साक्षीदार जर स्वल्पविरामासकट एकच जबानी देत असतील, तर कोणत्या काझीने ती मानली असती? न्यायालयात प्रश्न उमेदवाराच्या खर्चाचा होता. ज्यांनी तो मजकूर आपल्या नावाखाली बातमी म्हणून छापला, त्यांना कोणी पिंजऱ्यात उभे केले नाही. भारतीय प्रेस कौन्सिलने नेमलेल्या उपसमितीने, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, 2010 मध्ये 71 पानांचा अहवाल दिला आणि त्यात वर्तमानपत्रांची नावे लिहिली. कौन्सिलने तो अहवाल मागे ठेवून एक छोटा, बिननावाचा अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल बाहेर यायला 2011 साल आणि केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. दुसऱ्यांची नावे रोज छापणारा हा धंदा स्वतःच्या नावांबाबत असा लाजाळू! 1943 मध्ये पुण्यातल्या रानडे जयंतीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी पत्रकारितेचा धंदा झाल्याचे कडवटपणे सांगितले होते, ते अशा वेळी आठवते.

इथे तालुक्याच्या वार्ताहराबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सगळे खापर त्याच्यावर फुटते. त्याला मिळणारे मानधन इतके तुटपुंजे असते की त्यात महिन्याचे पेट्रोल भागत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या, उद्घाटनाच्या आणि निवडणुकीच्या जाहिराती गोळा करायच्या त्यानेच, आणि त्याच उमेदवाराला पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न विचारायचा तोही त्यानेच. सकाळी ज्याच्याकडे हात पसरला त्याला संध्याकाळी डोळ्याला डोळा भिडवून विचारायचे कसे? मालकाने ही व्यवस्था जाणूनबुजून केलेली आहे. ती बदलली नाही तर जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यमांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमून सौदा फार तर कागदावरून तोंडी होईल.

आता आपल्या तक्रारीकडे येऊ. आमच्या मते मुसलमान उमेदवारावर होणारा अन्याय पैशापेक्षा शब्दातून जास्त होतो. इतर उमेदवार वकील असतो, साखर कारखान्याचा अध्यक्ष असतो, माजी सभापती असतो. आपला माणूस 'मुस्लिम चेहरा' असतो. तो जिंकला तर 'मतविभागणीचा फायदा', हरला तर 'मते खाल्ली'. औरंगाबादला 2019च्या लोकसभेत इम्तियाज जलील 4,492 मतांनी निवडून आले. हर्षवर्धन जाधवांनी घेतलेल्या 2,83,798 मतांचा हिशेब बातम्यांनी बारकाईने मांडला, आणि तो खोटा नव्हता. पण जलील यांना 3,89,042 जणांनी का मत दिले, त्यात वंचित आघाडीमुळे जोडले गेलेले दलित मतदार किती मनापासून आले, हे विचारायला फारसे कोणी वस्तीत गेले नाही. आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचा तो ठरलेला फोटो : बुरख्यातल्या बाया, शाई लावलेले बोट. त्या बायांना रेशनबद्दल, मुलीच्या कॉलेजबद्दल काय वाटते, हे त्या फोटोखाली आम्ही कधी वाचले नाही.

'व्होट बँक' हा शब्द 1955 मध्ये समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या एका खेड्याविषयी लिहिताना वापरला. गावातल्या वजनदार माणसाच्या हातात त्याच्या कुळांची, ऋणकऱ्यांची मते असतात, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे तो पाटलाच्या वाड्याबद्दलचा शब्द होता. तिथून तो मोहल्ल्यात येऊन कायमचा राहिला.

मालेगाव मध्यचे उदाहरण घ्या. 2024च्या लोकसभेला या एका विधानसभा क्षेत्राने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली, आणि धुळ्यात भाजपचे सुभाष भामरे 3,831 मतांनी पडले. देवेंद्र फडणवीसांनी याला 'व्होट जिहाद' म्हटले. (हा शब्द त्याच वर्षी एप्रिलमध्ये फर्रुखाबादच्या सभेत मारिया आलम या समाजवादी पक्षाच्या नेत्या बोलल्या होत्या, हेही सांगायला हवे, आपल्या माणसाच्या जिभेवरून गेलेली गोष्ट लपवली तर वरच्या आयतीचे काय?) बातम्यांच्या मथळ्यांत तो शब्द आधी अवतरणचिन्हांत आला. पुढे अनेक ठिकाणी ती चिन्हे गळून पडली, आणि नेत्याचा आरोप वार्ताहराची जबानी होऊन बसला. त्याच मालेगाव मध्यमध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यात मते अशी फाटली की निकाल लागला 162 मतांनी. काँग्रेस आणि समाजवादीचे उमेदवार वेगळेच. गठ्ठा कुठे गेला? 162 हा आकडा छापून आला, पण 'एकगठ्ठा' हा शब्द चुकला, असे कोणी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. अर्धी गवाही दिली गेली, अर्धी लपवली गेली, आणि त्यासाठी कोणाला एक पैसाही द्यावा लागला नाही.

मात्र आपल्या घरातली पत्रे याहून शुद्ध आहेत, असे मानू नये. आपल्या उर्दू आणि मराठी साप्ताहिकांत मतदानाच्या आदल्या दिवशी अमुक जमातीचे, तमुक उलेमांचे 'आवाहन' बातमीच्या जागी झळकते. ते कोणी दिले, कोणाच्या बैठकीत ठरले, खर्च कोणी केला, याचा पत्ता नसतो. कौमच्या नावाने छापले की शहानिशा लागत नाही, अशी समजूत आहे. मग बाहेरच्या वार्ताहराने 'एकगठ्ठा' लिहिले तर त्याला कागदी पुरावा आपणच पुरवलेला असतो.

आणि मालेगावात सगळेच मोठे उमेदवार मुसलमान असताना तरी त्यांना यंत्रमागाच्या वीजबिलाबद्दल, मजुराच्या बारा तासांच्या पाळीबद्दल, सायझिंगच्या धुराबद्दल समोरासमोर विचारून, चौघांची उत्तरे शेजारीशेजारी छापायला आपल्या साप्ताहिकांना कोणाची परवानगी हवी होती? त्याला पॅकेज लागत नाही. एक वही, एक पेन आणि चार दारांवर जाण्याइतकी हिंमत लागते.