एक, दोन की तीन?

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात बूट पायात चढवण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. कोलोराडो असो की व्हरमाँट, त्यावरचे प्रश्न साधारण तेच. उंची, वजन, वय आणि मग स्कीअरचा प्रकार: 1, 2 की 3? पहिल्या तिन्हींची उत्तरं पाठ असतात. चौथ्यापाशी पेन अडतं. शेजारी मित्र उभा असतो, मागे रांग असते, आणि बरेच जण शेजारच्याने काय लिहिलंय ते पाहून आपला आकडा लिहितात.

हा प्रश्न फार विचारपूर्वक तयार केलेला आहे असं मला वाटतं. तुम्ही किती चांगले स्कीअर आहात, असं तो विचारतच नाही. तुम्ही कसे उतरता, एवढंच विचारतो. सौम्य उतारावर जपून, हळू उतरत असाल तर 1. उभ्या उतारावर वेगाने उतरत असाल तर 3. या दोन्हींत न बसणारे सगळे 2. वीस वर्षं स्कीइंग केलेल्या, उत्तम वळणं घेणाऱ्या माणसालाही आज निवांत उतरायचं असेल तर तो 1 लिहू शकतो. त्यात कमीपणा काहीच नाही. आपला प्रकार ठरवता न येणाऱ्या नवशिक्यानेही 1 च लिहायचं असतं.

या आकड्याचं पुढे काय होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा स्क्रू त्यावरून पिळला जातो. पडताना पाय पिरगळला तर बाइंडिंगने बुटाचा पुढचा भाग सोडायला हवा, पुढे कोसळलो तर टाच सोडायला हवी. किती जोर आल्यावर सोडायचं, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि हा प्रकार यांवरून तक्त्यात पाहतात. 1 ऐवजी 2 लिहिलं की तंत्रज्ञ तक्त्यात एक ओळ खाली सरकतो, 3 लिहिलं की दोन ओळी. पकड तेवढी घट्ट होते. प्रकार तो तुमच्यासाठी निवडत नाही. तो तुम्हीच लिहायचा आणि खाली सही करायची. सावकाश उतरणाऱ्याने 3 लिहिलं आणि तो संथ वेगात वेडावाकडा पडला, तर स्की सुटत नाही आणि पिळवटला जातो तो पाय. उलट वेगाने जाणाऱ्याने 1 लिहिलं तर ऐन वळणात स्की निसटू शकते. शिवाय आजची बाइंडिंग नडगीचं हाड बरंच वाचवतात, गुडघ्याच्या अस्थिबंधाला मात्र तितकं संरक्षण देऊ शकत नाहीत. म्हणजे हातात असलेलं संरक्षणही आपण एका आकड्यापायी घालवतो.

मग माणसं स्वतःला कशावरून जोखतात? बहुतेकदा उताराच्या रंगावरून. अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. ‘मी ब्लॅक करतो’ हे वाक्य त्यामुळे पदवीसारखं उच्चारलं जातं. पण तिथे प्रत्येक ठिकाणी हे रंग त्याच डोंगरावरच्या इतर वाटांशी तुलना करून दिलेले असतात. न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं हिवाळ्यात ज्या पोकोनोजला जातात, तिथल्या कॅमलबॅकची वरपासून खालपर्यंतची उंची सुमारे 800 फूट. वायोमिंगमधल्या जॅक्सन होलची 4,139 फूट. दोन्हीकडे काळा हिरा आहे, आणि एकावरची सवय दुसऱ्यावर चालेल याची कसलीही हमी नाही. ऑस्ट्रियात निदान उताराचे आकडे ठरलेले आहेत: छोटे टप्पे सोडले तर निळी वाट 25 टक्क्यांपर्यंत, लाल 40 टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळी. पण तो रंगही उताराबद्दल सांगतो, उतरणाऱ्याबद्दल नाही. काळ्या वाटेवरून आडवं घसरत, थांबत, धापा टाकत खाली पोचणं ही जीव सांभाळण्याची रास्त रीत आहे. ती वाट आपल्याला जमते याचा तो पुरावा नव्हे.

घड्याळाने मोजायचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेत झाला. स्की मासिकाचे संपादक जॉन फ्राय यांच्या कल्पनेतून 1968 मध्ये ‘नास्टार’ शर्यती सुरू झाल्या. गोल्फमधल्या हँडिकॅपसारखी ही पद्धत: प्रमाण वेळ 20 सेकंद असेल आणि तुम्हाला 25 लागले, म्हणजे 25 टक्के जास्त, तर तुमचा आकडा 25. हौशी माणसाला मित्राच्या कौतुकापेक्षा भरवशाचं काहीतरी हाती लागलं, ही मोठीच गोष्ट होती. मात्र सारख्या केलेल्या बर्फावर, खांबांच्या मधून धावताना लागलेला तो वेळ आहे. गोठून काचेसारख्या झालेल्या उतारावर तुम्ही काय कराल, हे त्याला कळत नाही.

आणि खरी पातळी तिथेच उघडी पडते. लहान मुलांना शिकवताना प्रशिक्षक स्कीची टोकं जवळ आणून ‘पिझ्झा’ करायला सांगतात, मग दोन्ही स्की समांतर ठेवून ‘फ्रेंच फ्राइज’. निळ्या वाटेवर छान समांतर उतरणारा मोठा माणूस लाल वाटेच्या कडेला आला की नकळत पुन्हा पिझ्झ्यावर येतो. कारण भीती. भीती वाटली की शरीर डोंगराकडे, मागे रेलतं. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो. भार गेला की स्की वळत नाही. आणि वळत नाही म्हणून भीती वाढते. उतार जितका उभा तितकं पुढे, दरीच्या बाजूला झुकावं लागतं, आणि नेमकं तेच मन करू देत नाही. म्हणून माझ्या मते पातळी हा माणसाला कायमचा चिकटलेला आकडा नाहीच. सकाळी ताज्या बर्फावर ती एक असते, दुपारी थकलेल्या मांड्यांवर दुसरी. आपण मात्र सुट्टीतली सर्वांत सुंदर उतरण लक्षात ठेवतो आणि वर्षभर तिच्यावरून स्वतःला ओळखतो.

गुलमर्गला ही गोष्ट अधिक गंभीर होते. गोल्फ कोर्सवरच्या सौम्य उतारावर चार दिवस शिकलेल्यालाही गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याचं तिकीट मिळतं. तो टप्पा अफरवतवर जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेतो, आणि वर रेखलेल्या सोप्या वाटा नाहीत, हिमस्खलनाचा प्रदेश आहे. तिकीट खिडकीवर प्रकार विचारत नाहीत. तो ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा.

तेव्हा फॉर्म हातात आला की मागच्या वर्षीची सर्वांत वाईट दुपार आठवा: बर्फ कडक, पाय थकलेले, समोर उतार. तेव्हा कसे उतरला होतात ते लिहा. बायकोचा किंवा नवऱ्याचा फॉर्म तुम्ही भरू नका. तिचा तिला, त्याचा त्याला भरू द्या. पन्नाशी गाठली असेल तर वय चोरू नका, तेवढ्याने तक्त्यात एक ओळ वर जाता येतं आणि पकड सैल होते. आणि वजन लाजून चार किलो कमी सांगू नका, वाढवूनही सांगू नका.