पाळक, पंच आणि ताळेबंद

करिंथच्या मंडळीत चार तट होते. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, आणि काही जण सगळ्यांच्या वरताण, 'आम्ही थेट ख्रिस्ताचे'. विश्वासणारे एकमेकांना परक्यांच्या न्यायासनापुढे खेचत होते. प्रभुभोजनाला जमल्यावर खाऊन-पिऊन सुखी असलेले आपापलं आधीच उरकून घेत. एक उपाशी, तर दुसरा झिंगलेला. हे सगळं इसवी सनाच्या पन्नाशीतलं, म्हणजे वधस्तंभाला जेमतेम पंचवीस वर्षं होत होती. तिकडे फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं बिनसलं होतं. पौलाने पत्रात नावं घालून त्यांची समजूत काढली, आणि त्या बिचाऱ्या कायमच्या शास्त्रात जाऊन बसल्या. जवळजवळ दोन हजार वर्षं त्यांचं भांडण जगभर वाचलं जातंय. कशावरून भांडल्या ते मात्र कोणालाच ठाऊक नाही.

आमच्याकडे कोणी पाळकसाहेबांवर चिडून मंडळी सोडायची भाषा करू लागला, की 'पहिल्या शतकातली मंडळी कशी होती!' असा एक उसासा हमखास टाकतो. बहुधा त्याने पौलाची ही पत्रं वाचलेली नसतात.

मी नगर जिल्ह्यातल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो. मंडळी अपूर्ण असते याचा मला धक्का बसत नाही. खटकतं ते वेगळं. या अपूर्णतेचा आम्ही पांघरुणासारखा उपयोग करायला शिकलो आहोत.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी ठाणं घातलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली इथेच सुरू झालं. हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे मराठी लोक १८५०च्या दशकात दीक्षित पाळक झाले. त्याच सुमाराला मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीचा कारभारी रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याचा आग्रह एकच होता: इथल्या मंडळ्यांनी आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण उचलावा, आपला प्रसार आपण करावा, आणि मिशनऱ्याने आपलं बस्तान हलवावं. आज वाचताना नवल वाटतं. परक्या मिशनचा मुख्य माणूस १८५५च्या आसपास 'तुम्ही निघा' असं आपल्याच लोकांना सांगत होता.

ते झालं नाही. का झालं नाही, याचा सगळा दोष गोऱ्या साहेबाच्या माथी मारणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. पुढच्या काळात मंडळीत आले ते बहुतांशी महार आणि मांग समाजातले, गावकुसाबाहेरचे. गावाशी वाकडं झालं की बलुत्यावर पाणी सोडावं लागे. १८७६-७८चा दुष्काळ आणि १८९९-१९००चा दुष्काळ यांत माणसं जगवणं हेच काम होऊन बसलं. ज्याच्या घरात दोन वेळची भाकर नाही, त्याने पाळकाचा पगार कुठून द्यायचा? मिशनने दिला. शाळामास्तर मिशनचा, उपदेशक मिशनचा, बायबलबाई मिशनची, दवाखान्यातला कंपाउंडर मिशनचा. मंडळीतला शहाणा माणूस म्हणजे मिशनचा पगारी नोकर, असं समीकरण होऊन बसलं. पगार देणारा वर, म्हणून पाळकाची नजर वर. खाली बसलेल्या माणसाला तो नम्रपणे भेटत असेल, पण त्याला उत्तर द्यायला बांधलेला नव्हता. ही सवय मिशनबरोबर गेली नाही. मिशनच्या जागी डायसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा प्रांत, आलं आणि साहेबाच्या खुर्चीत आपलाच माणूस बसला. खुर्ची तीच.

हे ज्याला लख्ख दिसलं तो नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा, त्यानंतर नगरमध्ये वीसेक वर्षं मिशनचं काम, 'ज्ञानोदय'चं लेखन-संपादन, अभंग, कीर्तनं. आणि १९१७ मध्ये हा माणूस मिशनपासून दूर होऊन साताऱ्याला गेला आणि 'देवाचा दरबार' मांडून बसला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा. परका पैसा नको, पदांची उतरंड नको. टिळकांबद्दल आम्ही आज त्यांची गीतं गाऊन कृतज्ञता व्यक्त करतो. त्यांचा राजीनामा कोणी गात नाही.

पण टिळकांची आरती ओवाळूनही भागत नाही. १९१९च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहू शकला नाही. तो एका माणसाच्या तेजावर चालला होता. पैशाच्या बाबतीत टिळक कसे होते, आणि त्या दानशूरपणाची झळ कोणाला सोसावी लागली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त इतकं हसतखेळत लिहून ठेवलंय, की त्यातला चटका नंतर जाणवतो. संस्था नको म्हणणाऱ्या संतालाही घर चालवणारी बाई लागते. मंडळीलाही कोणीतरी घर चालवणारं लागतंच. प्रश्न फक्त त्याने हिशेब कोणाला द्यायचा एवढाच.

चुकलेल्या धर्मगुरूचं काय करायचं, यावर चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोठं रणकंदन झालं. रोमन सम्राट डायोक्लेशनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा काही धर्मगुरूंनी जीव वाचवायला शास्त्राच्या पोथ्या शिपायांच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर एक पक्ष उभा राहिला: असल्या फितुरांनी दिलेली दीक्षा खोटी, त्यांनी दिलेला बाप्तिस्माही खोटा. हे डोनाटिस्ट. त्यांच्याविरुद्ध बिशप ऑगस्टीन उभा राहिला. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा, देणाऱ्या माणसाचा नव्हे, त्यामुळे देणारा नालायक निघाला तरी घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. ४११ साली कार्थेजला भरलेल्या परिषदेत दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर आले, आणि वाद गहू आणि निदणाच्या दाखल्यावर येऊन ठेपला. कापणीपर्यंत दोन्ही एकत्र वाढू द्या, असं धनी म्हणतो. डोनाटिस्टांनी बोट ठेवलं ते नेमक्या ठिकाणी: येशूनेच अर्थ सांगितलाय की शेत म्हणजे जग. मंडळी नव्हे! वाचनाच्या बाबतीत मला त्यांची बाजू बरी वाटते, हे कबूल करायला हवं. तरी निकाल ऑगस्टीनच्या बाजूने गेला ते चांगलंच झालं. नाहीतर आपला बाप्तिस्मा खरा की खोटा हे ठरवायला प्रत्येक गरीब माणसाला पाळकाची चारित्र्यपडताळणी करत फिरावं लागलं असतं.

म्हणजे हा सिद्धान्त मुळात बाकावर बसलेल्या माणसाच्या रक्षणासाठी होता. धर्मगुरूच्या पापाची शिक्षा त्याला होऊ नये म्हणून. आमच्याकडे तो उलटा फिरवून वापरला जातो. 'आपण सगळेच पापी, कोणी कोणाचा न्याय करू नये' हे वाक्य मी मंडळीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय ते जमिनीच्या व्यवहाराची कागदपत्रं मागितल्यानंतर. मत्तयाचा तेरावा अध्याय सगळ्यांना पाठ असतो. अठरावा, ज्यात आधी एकट्याने, मग दोघा-तिघांना घेऊन, आणि तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे विषय न्यायची रीत सांगितली आहे, तो वाचायची वेळ येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तर मंडळीतल्या वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नको, पण चुकला तर सर्वांदेखत कानउघाडणी कर, असं दोन्ही अंगांनी स्पष्ट आहे. माणसाला माफ करणं आणि हिशेब न मागणं ही एकच गोष्ट आहे असं शास्त्र कुठे म्हणतं ते मला अजून सापडलेलं नाही.

वार्षिक सभा कशी होते ते सांगतो. सभा उपासनेनंतर असते, म्हणजे साडेअकरा वाजलेले, मुलं भुकेजलेली. खजिनदार जमाखर्च भराभर वाचतात. 'किरकोळ' या एका शब्दाखाली बरंच काही जातं. मागच्या बाकावरून कोणी निवृत्त मास्तर उठतात आणि विचारतात, कंपाउंडच्या भिंतीचे पैसे दोन वर्षं कसे दिसतात? थोडी कुजबुज होते. मग पंचांपैकी एक जण मायेने म्हणतात, 'मास्तर, आपण प्रार्थना करू या.' सगळे डोळे मिटतात. मास्तरांनाही मिटावे लागतात. डोळे उघडेपर्यंत सभा बरखास्त झालेली असते.

याच मंडळीत कापणीच्या सणाला लिलाव बघा. एक साधा भोपळा, बाजारात चाळीसला मिळेल असा, अकराशेला जातो. ज्वारीचं पोतं, गावठी कोंबडा, कोणाच्या घरची अंडी, पहिल्या पगारातून आणलेला केक. लिलाव पुकारणारा प्रत्येकाचं नाव घेऊन चढवतो, मुंबईहून सणाला आलेला पुतण्या काकाच्या वर बोली लावतो, लोक हसतात. हा आनंद खोटा नाही. मंडळी म्हणून आम्ही सगळ्यात जिवंत असतो ते त्या दोन तासांत. फक्त दान जाहीर आणि खर्च मोघम, एवढं राहून जातं.

पाळकाची बाजू न सांगणं अन्याय होईल. खेड्यातला पाळक तीन-चार मंडळ्या सांभाळतो, पगार वेळेवर येईलच असं नाही, मुलांच्या शाळा मध्येच तोडून बदली होते. रात्री दोनला फोन येतो तो सिव्हिल हॉस्पिटलमधून, आणि तो जातो. मरणाऱ्याचा हात धरतो. या कामाला कुठली पावती नसते. चांगले पाळक मी पुष्कळ पाहिलेत, आणि ते बहुतेक डायसिसच्या राजकारणात मागे पडलेले पाहिलेत. निवडणुकीच्या वर्षी ज्याला दोन तटांपैकी एकात उभं राहता येत नाही, त्याची बदली लांबच्या तालुक्यात ठरलेली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंघ एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, सगळ्यांनी आपापला अभिमान थोडा बाजूला ठेवला. मनुष्यस्वभाव पाहता ही मोठीच गोष्ट. पण माणसं जुळली तितक्या सहज सातबारे जुळले नाहीत. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ साली न्यायालयाने सांगितलं की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसरीकडे जात नाही. १९५०चा विश्वस्त कायदा आपल्यालाही लागू. धर्मादाय आयुक्तांकडे नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज जातो, हरलेला गट हरकत घेतो, आणि निकाल लागेपर्यंत पुढची निवडणूक येते. भावाभावांनी कोर्टात जाऊ नये असं करिंथकरांना पौलाने बजावलं खरं, पण त्याच दमात त्याने विचारलं होतं की तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही का? आम्ही पहिलं वाक्य भिंतीवर लावतो.

'आपली लक्तरं वेशीवर टांगू नका, आधीच आपल्याकडे कसं बघतात ठाऊक आहे ना?' हा शेवटचा बंधारा. भीती खरी आहे. पण ही गप्प बसवण्याची रीत अल्पसंख्य होण्याच्या आधीपासूनची, म्हणजे अधिकाराची आहे. पंडिता रमाबाईला १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन फार काळ झाला नव्हता, तर तिने चेल्टनहॅमला तरुण पुरुषांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली. तिला मार्गदर्शन करणाऱ्या अँग्लिकन जोगिणीशी, सिस्टर जेराल्डिनशी, तिचा जो पत्रव्यवहार झाला त्यात ती अत्यंत आदराने सांगते की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही. तिने मंडळी सोडली नाही. विचारणंही सोडलं नाही. नंतर केडगावला 'मुक्ती' उभी केली.

आताची मुलं विचारत बसत नाहीत. ती शहरात एखाद्या फेलोशिपमध्ये जातात, गिटार असते, एसी हॉल असतो. तिथला पास्टरच संस्थापक, तोच विश्वस्त, खजिनदार त्याची बायको. तिथे भांडण नसतं, कारण भांडायला वार्षिक सभाच नसते. पण घरात कोणी गेलं की सगळी परत येतात, कारण दफनभूमी जुन्या मंडळीची. मग सेक्रेटरी कपाटातून वर्गणीची वही काढतात. कोणाच्या वडिलांची किती साली किती महिने थकली, कोणी मध्येच पन्नास रुपये भरले, सगळं तारीखवार, निळ्या शाईत, एकही आकडा खोडलेला नाही, आणि त्या वहीत 'किरकोळ' हा शब्द कुठेच नाही.