चार मते, चार निवाडे

महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मते असतात. अ, ब, क, ड या चारही जागा वेगळ्या, त्यांचे उमेदवार वेगळे, म्हणून निवाडाही चार वेळा करायचा असतो. तरी प्रचारात आग्रह एकच होतो: पॅनल टू पॅनल. म्हणजे एका चिन्हाकडे पाहून चार बटणे दाबा, विचार आम्ही केलेला आहे.

तो विचार कुठे झाला? अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांतच प्राथमिक निवडणूक होते. आपल्याकडे बंद दाराआड नावे ठरतात आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या घटकेपर्यंत पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मची ओढाताण चालते. पक्षाने माणूस कशाच्या आधारे पारखला, हे मतदाराला कोणी सांगत नाही. मग पारखण्याचे सगळे काम आपल्यावरच येते.

त्याची साधने आपल्याकडे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालाने संसद आणि विधानसभेच्या उमेदवारांवर मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण जाहीर करण्याचे बंधन आले. महापालिकेच्या उमेदवारालाही तसे शपथपत्र द्यावे लागते. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात किती घरांत ते वाचले जाते? उमेदवाराची जात, त्याचे गाव, त्याचा साहेब कोण, हे मात्र तोंडपाठ असते. महिलांसाठी राखीव जागेवर तर उमेदवार बाई आणि फलकावर मोठा फोटो नवऱ्याचा! त्या बाईंना आपण एकतरी प्रश्न थेट विचारतो का?

आणि या सगळ्यावर बेल-भंडारा उचलायला लावणे. पाकीट द्यायचे आणि देवाची शपथ घ्यायला लावायची. ज्याला पैशाची लाज वाटत नाही, त्याला शपथ मोडण्याची भीती वाटते, हे आपल्या नीतीचे उलटे चित्र आहे. मतासाठी पैसे देणे गुन्हा आहे, घेणेही गुन्हाच आहे. गुन्ह्याचा करार पाळला नाही म्हणून कोणता देव कोपेल? मत गुप्त आहे ते याचसाठी. अशा शपथेचे ओझे कोणीही मनावर घेऊ नये.

कोणी म्हणेल, गरिबाने हजार रुपये घेतले तर काय बिघडले? या शहरात जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात पाणी असूनही नळ कित्येक दिवसांनी येतो. टँकरवर आणि जारवर तोच गरीब वर्षभर पैसे घालतो. पाण्याच्या प्रश्नावर सभागृहात अभ्यास करून बोलणारा सदस्य त्याला हजार रुपयांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जुना: सगळे सारखेच. हे विधान तपासून केलेले असेल तर मी ऐकेन. एका जागेच्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रे शेजारी ठेवली, गेल्या पाच वर्षांत त्यांतला प्रत्येक माणूस वॉर्डात कोणत्या कामासाठी उभा राहिला ते विचारले, आणि तरी फरक दिसला नाही, तर यंत्रावर 'नोटा' आहेच. न वाचता सगळ्यांना एका मापाने मोजणे हा प्रामाणिक माणसावर अन्याय आहे.

एप्रिल 2020 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती राहिले. इतक्या वर्षांनी मिळालेले सदस्य आज सभागृहात आहेत. त्यांची तुलना आताच सुरू करता येईल: सर्वसाधारण सभेला कोण हजर होते, पाण्यावर कोणी प्रश्न विचारला, वॉर्डातल्या कामाची निविदा कोणी लोकांसमोर मांडली. चौघांची नावे लिहून ही नोंद प्रत्येक सोसायटीने ठेवावी, आणि पुढच्या वेळी तीच घेऊन उमेदवाराला दारात उभे करावे.