रास्त भाव

उपवासकाळातला शुक्रवार आला की अलोरे येथील आमच्या घरी ओल्या काजूगरांची उसळ शिजते. मांस वर्ज्य करून आम्ही व्रत पाळतो. मात्र त्या उसळीची चव मांसाहून उणी नसते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. काजूगर घेऊन दारावर येणारी बाई वरच्या वाडीतून डोंगर उतरून येते. ओल्या बियांचा चीक कातडी जाळतो. त्यामुळे या दिवसांत तिच्या बोटांची साले निघालेली असतात. ती शेकड्याचा भाव सांगते, आम्ही वीस रुपये कमी सांगतो. ती क्षणभर थांबते, वर चढलेल्या उन्हाकडे पाहते आणि देऊन टाकते. त्याच आठवड्यात चिपळुणातल्या दुकानातून कॉफीची बाटली आणताना तिच्यावर छापलेली किंमत आम्ही निमूटपणे मोजतो. जिला वीस रुपयांची गरज आहे तिच्याशी घासाघीस, आणि जिला आमचे नावही ठाऊक नाही त्या कंपनीपुढे मौन! या विसंगतीने आमचे मन अस्वस्थ झाले, म्हणून हे चिंतन.

‘रास्त भाव’ हा शब्द आपल्याला रेशनच्या दुकानावरील पाटीमुळे परिचित आहे. तेथील भाव रास्त असतो तो घेणाऱ्याच्या दृष्टीने, आणि गरिबाच्या पोटासाठी तो तसा असलाच पाहिजे. परंतु देणाऱ्याच्या दृष्टीने रास्त भाव कोणता, हा प्रश्न आपण बाजारात उभे असताना स्वतःला क्वचितच विचारतो.

कॉफीच्या बाबतीत हा प्रश्न एका कॅथोलिक धर्मगुरूंनी विचारला. फादर फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे मूळचे हॉलंडचे. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात डोंगराळ भागातील आदिवासी कॉफी-उत्पादकांमध्ये ते श्रमिक म्हणून राहिले. तेथील दलालांना लोक ‘कोयोटे’ म्हणत. हा प्राणी आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतला. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली, तरी जगाच्या बाजारात त्यांना भाव मिळेना. फादरांनी हॉलंडमधील निको रूझेन यांच्या साहाय्याने १९८८ साली ‘मॅक्स हॅवेलार’ ही मोहोर सुरू केली. उत्पादकाला न्याय्य किंमत मिळाली आहे, याची ती ग्राहकाला खूण होती. जावा बेटावरील जनतेची वसाहतवादी पिळवणूक उघड करणाऱ्या १८६० सालच्या एका डच कादंबरीवरून ते नाव घेतले होते. पुढे या चळवळीतून किमान भावाची पद्धत रूढ झाली. बाजार कितीही कोसळला तरी त्याखाली जायचे नाही, हा तिचा नियम. धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी हा भाव ऑगस्ट २०२३ पासून एका पौंडास, म्हणजे सुमारे ४५३ ग्रॅमला, १.८० डॉलर असा ठरला.

मोहोर म्हणजे मोक्ष नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. प्रमाणपत्राचा खर्च शेतकऱ्यांच्या संस्थांनाच सोसावा लागतो आणि पुष्कळदा त्यांच्या पिकाचा काही भागच त्या भावाने विकला जातो. तरीही त्या फादरांनी एक मूलभूत गोष्ट जगासमोर ठेवली: शेतकऱ्यांना मदत नको आहे, त्यांच्या मालाची किंमत हवी आहे.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत ही गोष्ट नवी नाही. माप लहान करून गरिबाला नागवणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्टा कडाडला. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोबाने बजावले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’मध्ये सांगितले, की मजुराने नाइलाजाने मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली हेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराला लावले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली आणखी पुढे जाऊन, खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृती आहे, असे आपणा ग्राहकांनाच सांगितले. ‘तिने दिले, आम्ही घेतले, जबरदस्ती कुठे केली?’ ही आमची सबब लिओ महाराजांनी शतकापूर्वीच फेटाळली आहे. उन्हात डोंगर पुन्हा चढायचा असलेल्या बाईची कबुली ही कितीशी मोकळी कबुली?

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीबद्दलही येथेच विचार करता येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने आपल्या देशात मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून शाळांना बाके मिळतात, दवाखान्यांना यंत्रे मिळतात. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण दोन टक्क्यांचा हिशेब नफा हाती आल्यानंतरचा आहे. तो नफा कसा मिळाला, मजुराला काय दिले, नदीत काय सोडले, हा हिशेब उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत दडलेला असतो. आमच्या जवळच्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीतील मासेमारीवर आलेल्या संकटाची नोंद डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात केली. ज्याची जाळी रिकामी आली त्या मच्छीमाराच्या मुलाला वह्या वाटणे हे दान असेल, न्याय नव्हे. न्यायाने जे देणे आहे ते दान म्हणून देऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात स्पष्ट केले आहे.

मात्र कंपन्यांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. अलोऱ्याची वसाहत कोयना प्रकल्पामुळे वाढली. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरते, कोळकेवाडीहून पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठीला मिळते. ज्यांची गावे शिवसागर जलाशयाखाली गेली, त्यांच्या कुटुंबांना अर्धशतक उलटूनही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. आमच्या घरातील दिवा त्या पाण्यावर पेटतो. विजेचे बिल आम्ही नेमाने भरतो. पण त्या लोकांचे देणे त्या बिलात कधी छापून आले नाही. ऋण फेडण्याचे सामर्थ्य एकट्या कुटुंबात नसेल. पण ते आहे हे मान्य करणे, त्यांच्या मागणीच्या बाजूने बोलणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

कोणी म्हणेल, महागाईच्या दिवसांत सामान्य कुटुंबाने किती गोष्टींचा विचार करावा? आक्षेप खरा आहे. प्रत्येक वस्तूचा उगम शोधत बसलो तर चूल पेटणार नाही. परंतु जेथे देणाऱ्याचा चेहरा समोर दिसतो, तेथे अज्ञानाची सबब उरत नाही. मोलकरणीची सुट्टी, गवंड्याची मजुरी, दारावरच्या बाईचा भाव: या तीन ठिकाणी आपल्यातला प्रत्येकजण एक लहानशी कंपनीच असतो. तेथे न्यायाने वागलो, तरच मोठ्या कंपन्यांना जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होतो. मिस्सेत आपण भाकर अर्पण करतो ती भूमीचे फळ आणि मानवी हातांचे श्रम म्हणून. त्या हातांचा मोबदला बुडवून केलेले अर्पण देवाला कसे रुचावे?

गेल्या शुक्रवारी ती बाई आली. तिने भाव सांगितला आणि आम्ही तेवढेच पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने ते दोनदा मोजले, मग आमच्याकडे पाहून विचारले, “आज काय कुठे जायची घाई हाय?”

इतक्या वर्षांच्या आमच्या व्यवहारात न्यायाची तिला एवढीच सवय लागली होती. उत्तर न सुचल्याने आम्ही तिला पाणी दिले. तिने ते पिऊन टोपली उचलली, आणि जाता जाता चार गर आमच्या ताटात आणखी टाकले.