हिरवळीतलं पिवळं

न्यू जर्सीत एप्रिल लागला की प्रत्येक घरापुढच्या हिरवळीत डँडेलायनची पिवळी फुलं उगवतात आणि घरमालकाला काहीतरी ठरवावं लागतं. ‘राहू दे, मधमाश्यांना होतील,’ हा युक्तिवाद मला आवडतो, पण तो लंगडा आहे. मधमाश्या येतात खऱ्या. मात्र या फुलाचा पराग पोषणाला कमीच, आणि त्याआधीच मेपल, विलो फुललेले असतात. झाडाला तर माशीची गरजच नाही. इथली बहुतेक डँडेलायन परागीभवनाशिवायच बी धरतात.

‘हे इथलं नव्हे, युरोपातून आलंय’ हे उपटणाऱ्यांचं म्हणणंही टिकत नाही. ज्या गवतासाठी ही उठाठेव, ते केंटकी ब्लूग्रास नावापुरतंच केंटकीचं. तेही समुद्रापलीकडून आलेलं. (आणि हे विचारणारे आम्ही तरी कुठले?)

तण कशाला म्हणायचं, हे ठरतं कसं याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. पूर्वी हिरवळीच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतला नत्र जमिनीत आणतं. १९४५च्या सुमारास २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते गवताला सोडून रुंद पानांच्या वनस्पती मारतं. त्याला डँडेलायन आणि क्लोव्हर यांतला फरक कळेना. मग क्लोव्हरही तणांच्या यादीत गेलं! औषधाला जे वाचवता आलं नाही, ते नकोसं ठरलं.

याच राज्याच्या दक्षिणेला व्हाइनलँडमध्ये इटालियन वंशाच्या शेतकऱ्यांनी डँडेलायन पालेभाजी म्हणून शेतात लावलं. ते गाव स्वतःला डँडेलायनची राजधानी म्हणवतं. खुरपणीत निघालेली घोळ किंवा टाकळा घरी नेऊन शिजवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पण फवारलेल्या हिरवळीवरची भाजी कोण खाणार?

उरतो तो शेजारी. त्याने पैसे खर्चून राखलेल्या गवतात माझ्या म्हाताऱ्या उडून पडाव्यात, हे बरं नाही. म्हणून फवारा नको, पण पुढच्या अंगणात पाऊस पडून गेल्यावर खुरपं घेऊन बसायचं. मूळ सरळ खोल जातं. तुकडा राहिला की पुन्हा फुटतं. मागच्या अंगणात मात्र हात लावायचा नाही. वाऱ्याला पुढचं-मागचं कळत नाही, हे शेजाऱ्याने अजून बोलून दाखवलेलं नाही.